एकाच चौकटीतला ढग: क्लायमेट मॉडेलमधला ढग आणि रेडिएशनचा हिशोब हाताने करून बघा

क्लायमेट मॉडेलवर नव्याने काम करायला लागलेला माणूस पहिल्या आठवड्यात काय करतो, तर क्लाउड फ्रॅक्शनचा नकाशा काढतो, शेजारी उपग्रहाचा नकाशा ठेवतो, दोन्ही साधारण सारखे दिसले की चहा प्यायला जातो. मीपण तेच केलं होतं. पण आभाळ किती टक्के झाकलंय हा आकडा (हाच क्लाउड फ्रॅक्शन) रेडिएशनसाठी, म्हणजे ऊन-उष्णतेच्या हिशोबासाठी, फार तर पाव गोष्ट सांगतो. मॉडेल म्हणजे हवामानाचा कॉम्प्युटरवरचा हिशोब, तो पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडून होतो, असा एक तुकडा म्हणजे चौकट. त्या ढगात पाणी किती, थेंब केवढे, ते पाणी चौकटभर सारखं पसरलंय का गुठळ्या झाल्यात, आणि वरचा ढग खालच्याच्या डोक्यावर आहे का बाजूला, हे कळल्याशिवाय ऊन किती परत गेलं आणि उष्णता किती अडली ते निघत नाही. म्हणून इथे आपण एकच चौकट घेऊ, कागदावर हिशोब करू, मग तोच लॅपटॉपवर ताडून बघू आणि नंतर पूर्ण मॉडेलकडे जाऊ. बारावीचं फिजिक्स आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी आवाका बघून घ्या. दिवस-रात्र, विषुववृत्त-ध्रुव सगळं धरून पृथ्वीवर चौरस मीटरला सरासरी ३४० वॅट ऊन पडतं. त्यातले साधारण १०० वॅट परत जातात आणि त्यात ढगांचा वाटा ४५ ते ४७ वॅटचा. उलट बाजूने तेच ढग खालून वर जाणारी उष्णता अडवतात, ती २६ ते २८ वॅट. वजाबाकी केली की ढगांमुळे पृथ्वीला जवळपास २० वॅटचा गारवा मिळतो. हे आकडे टेरा आणि ॲक्वा उपग्रहांवरच्या सेरेस यंत्रांच्या मोजणीचे, ती २००० सालापासून चालू आहे. आता कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पडणारा फरक किती, तर चार वॅटच्या आसपास. म्हणजे ढगांनी परतवलेल्या उन्हात मॉडेलने नुसती १० टक्के चूक केली तरी ती दुप्पट कार्बनपेक्षा मोठी झाली! १९८९ मध्ये सेस नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ मॉडेल्स शेजारी शेजारी लावून पाहिली, तर ढग वगळून सगळ्यांचं जवळपास एकमत आणि ढग धरले की उत्तरात साधारण तिपटीचा फरक. तेव्हापासून मॉडेल्स पुष्कळ सुधारली, पण मुख्य भांडण अजून तिथेच आहे.

पायरी १: पाणी मोजा, आणि कुणाचं पाणी मोजताय ते बघा

समजा कोकण किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रावरची एक चौकट आहे, १०० किलोमीटर बाय १०० किलोमीटर, आणि खालच्या एका थरात क्लाउड फ्रॅक्शन ०.२५. मॉडेल ढगातलं पाणी देतं ते एक किलो हवेमागे किती असं. धरा ०.०५ ग्रॅम. थराची जाडी दाबात असते, धरा ५० हेक्टोपास्कल. पाणी गुणिले दाबाचा फरक भागिले ९.८, म्हणजे ०.००००५ गुणिले ५००० भागिले ९.८, उत्तर येतं ०.०२५ किलो, म्हणजे चौरस मीटरवर २५ ग्रॅम. हेक्टोपास्कलचे पास्कल करायला विसरलात तर हेच उत्तर शंभर पट कमी येईल आणि ढग असून नसल्यासारखा होईल. हसू नका, हे होतं.

आता खरी मेख. हे २५ ग्रॅम म्हणजे पूर्ण चौकटीची सरासरी. पण पाणी आहे ते फक्त पाव भागात, बाकी पाऊण आभाळ मोकळं. म्हणजे ढगाच्या आत गेलात तर तिथे २५ भागिले ०.२५, चौरस मीटरवर १०० ग्रॅम पाणी. काही रेडिएशन कोड ढगाच्या आतलं पाणी मागतात, काही चौकटीची सरासरी मागतात आणि भागाकार स्वतः आत करतात. आपला कोड यातलं काय मागतो हे मॅन्युअलमध्ये वाचून, मग कोडमध्ये शिरून डोळ्यांनी खात्री करा. मी एकदा तीन आठवडे घालवलेत यात, कारण भागाकार मी पण केला आणि कोडने पण केला, आणि माझे ढग आरशासारखे चमकत होते. मी बिचारा एरोसोलला, म्हणजे हवेतल्या धूळ-धुराच्या कणांना, दोष देत बसलो होतो.

पायरी २: थेंब केवढे

पाणी तेवढंच ठेवून थेंब बारीक केले की ढग जास्त पांढरा होतो. बर्फाची लादी आरपार दिसते पण तीच किसून गोळा केला की पांढराशुभ्र, तसंच काहीसं, पृष्ठभाग वाढतो. रेडिएशन कोडला यासाठी इफेक्टिव्ह रेडियस लागतो, म्हणजे उन्हाच्या दृष्टीने थेंबांची सरासरी त्रिज्या, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग).

तो काढायचा कसा? ढगात घनमीटरला ०.२ ग्रॅम पाणी आहे आणि घनसेंटीमीटरला १०० थेंब आहेत असं धरलं, समुद्रावरची स्वच्छ हवा, तर एकेका थेंबाची त्रिज्या पडते ७.८ मायक्रॉन, आणि सगळे थेंब एका मापाचे नसतात म्हणून थोडं वाढवून इफेक्टिव्ह रेडियस ८.४ च्या घरात. आता जमिनीवरची धुळीची-धुराची हवा घ्या, ३०० थेंब, तर तोच आकडा ६.२ वर येतो. थेंब तिप्पट झाले पण त्रिज्या तिसरा हिस्सा झाली नाही, कारण इथे घनमूळ आहे. सत्तरच्या दशकात टूमी यांनी दाखवलं ते हेच, प्रदूषण वाढलं की ढग उजळ.

जुन्या मॉडेल्समध्ये एवढा खटाटोप नव्हता, ठरलेले आकडे असायचे. उदाहरणार्थ कॅम३ या जुन्या अमेरिकन मॉडेलमध्ये समुद्रावर १४ आणि उबदार जमिनीवर ८ मायक्रॉन. आता बहुतेक ठिकाणी मायक्रोफिजिक्स, म्हणजे मॉडेलमधला थेंब-बर्फाचा हिशोब करणारा भाग, थेंबांची संख्या पण देतं. इथे एक तपासणी नक्की करा: मायक्रोफिजिक्स जी त्रिज्या काढतं तीच रेडिएशनला पोचते का, का रेडिएशन आपली वेगळीच काढतं. एकाच मॉडेलमध्ये एकाच ढगाला दोन त्रिज्या असलेल्या मी पाहिल्यात. आणि आपल्याकडचे थेंब केवढे हे दुसऱ्या देशांच्या आकड्यांवरून ठरवायची गरज नाही, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची महाबळेश्वरची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून हेच बघतेय, आणि जुलैत महाबळेश्वरला ढग तसेही खिडकीतून घरात येतात.

बर्फाचे ढग हे वेगळं प्रकरण. स्फटिक पट्टीसारखा, चपटा, खरबरीत, गुच्छ, कसाही असतो, आणि आकार बदलला की ऊन पुढे किती फेकलं जातं ते बदलतं. तिथे हाताने हिशोब करायच्या फंदात पडू नका. कोडमध्ये दोन-तीन पर्याय दिलेले असतात, सगळे चालवून फरक किती पडतो तेवढं नोंदवून ठेवा.

पायरी ३: ऑप्टिकल डेप्थ, मग अल्बेडो

ऑप्टिकल डेप्थ म्हणजे उन्हाच्या दृष्टीने ढग किती दाट, आणि अल्बेडो म्हणजे पडलेल्या उन्हाचा परत जाणारा हिस्सा. सूत्र सोपं आहे. चौरस मीटरवरचे ग्रॅम गुणिले दीड, भागिले मायक्रॉनमधली त्रिज्या. गणिताच्या सोयीसाठी त्रिज्या १० धरू, पाणी १०० ग्रॅम, तर ऑप्टिकल डेप्थ १५. अल्बेडो काढायला ऑप्टिकल डेप्थला (ऑप्टिकल डेप्थ अधिक ७.७) ने भागा. १५ भागिले २२.७, म्हणजे ०.६६. ढगावर पडलेल्या उन्हातलं दोन तृतीयांश परत. हा ७.७ आकाशातून पडलेला नाही, पाण्याचा थेंब बहुतेक ऊन पुढेच ढकलतो, मागे थोडंच टाकतो, त्यातून तो येतो. खाली काळा समुद्र आणि ढगात शोषण शून्य असं धरलंय, पण अंदाजाला पुरेसं आहे.

आता मघाची चूक परत करून बघा. भागायला विसरलो, २५ ग्रॅमच दिले, तर ऑप्टिकल डेप्थ ३.७५ आणि अल्बेडो ०.३३, सरळ निम्मा. दोनदा भागलं, ४०० ग्रॅम झाले, तर ६० आणि ०.८९. ढग तोच, फ्रॅक्शन तीच, नकाशावर काहीही चूक दिसणार नाही.

पायरी ४: गुठळ्या

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. वरचा ०.६६ आपण ढगात पाणी सगळीकडे सारखं धरून काढला. खरा ढग तसा नसतो, विमानातून बघितलाय ना, कुठे फुगलेला, कुठे विरळ, मधून खालचं दिसतंय. समजा अर्ध्या ढगाची ऑप्टिकल डेप्थ ५ आहे आणि अर्ध्याची २५. सरासरी १५ च. पण ५ चा अल्बेडो ०.३९, २५ चा ०.७६, दोघांची सरासरी ०.५८. पाणी थेंबभरही बदललं नाही आणि अल्बेडो ०.६६ वरून ०.५८ वर! भर दुपारी १००० वॅट ऊन धरलं तर ढगाखाली ८० वॅटचा फरक, आपल्या पाव ढगाच्या चौकटीत सरासरी २० वॅट. कारण एवढंच की पाणी दुप्पट केलं म्हणून चकाकी दुप्पट होत नाही, जाड ढगात ओतलेलं जादा पाणी फुकट जातं आणि विरळ भागातलं कमी झालेलं पाणी मात्र लगेच दिसतं. म्हणजे सारखा पसरलेला ढग नेहमी खऱ्यापेक्षा जास्त उजळ निघतो, चूक कायम एकाच बाजूला.

यावरचे उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला जुगाड कॅहलान आणि मंडळींचा, १९९४ चा: ऑप्टिकल डेप्थला सरळ ०.७ ने गुणा. करून बघा, १५ चे १०.५, अल्बेडो ०.५८, आपल्या गुठळ्यांच्या उत्तराशी जुळतो (मी आकडे मुद्दाम तसे निवडले असं म्हणा हवं तर). गंमत अशी की हा ०.७ कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्री स्ट्रॅटोक्युम्युलस ढगांवरून काढलेला आणि पुढे तो जगभरच्या ढगांना लागला. मान्सूनच्या उभ्या, अस्ताव्यस्त ढगाला तोच आकडा का लागावा याला उत्तर नाही.

दुसरा उपाय ट्रिपलक्लाउड्स. प्रत्येक थराचे तीन भाग करायचे: मोकळा, विरळ ढग, दाट ढग. आपण वर केलं तसंच, फक्त नीटपणे. तिसरा उपाय मॅकिका, २००३ मध्ये पिंकस, बार्कर आणि मॉर्क्रेट यांनी मांडला, आणि आज जगातली बरीच मॉडेल्स त्यावर चालतात. कल्पना भन्नाट आहे. रेडिएशन कोड सगळ्या तरंगलांबींचा हिशोब एकदम करत नाही, वर्णपटाचे तुकडे करतो, आरआरटीएमजी कोडमध्ये उन्हासाठी ११२ आणि उष्णतेसाठी १४० असे. चौकटीत ढग किती तऱ्हेने असू शकतील याचे नमुने पाडायचे आणि प्रत्येक नमुन्यावर प्रत्येक तुकडा चालवायचा तर कॉम्प्युटर बसेल. म्हणून प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी टाकून एकच नमुना द्यायचा. एकेका चौकटीचं एकेका वेळचं उत्तर त्यामुळे थोडं हलतं, पण हालचाल दोन्ही बाजूंना असते, महिन्याच्या सरासरीत विरून जाते. म्हणून मॅकिका वापरताना एका तासाच्या एका चौकटीकडे बघून डोकं धरू नका.

पायरी ५: थरांची चवड

भोकं पडलेल्या तीन चटया एकावर एक टाकल्यात असं समजा. खालचे दोन थर लागून आहेत, ढग ०.३ आणि ०.४, आणि खूप वर सिरसचा थर, पिंजलेल्या कापसासारखा, ०.२. वरून बघितलं तर एकूण आभाळ किती झाकलेलं? सगळे ढग शक्य तितके एकावर एक बसवले तर ०.४. एकमेकांशी काही संबंध नाही असं धरलं तर मोकळे भाग गुणत जा, ०.७ गुणिले ०.६ गुणिले ०.८, उरतं ०.३४, म्हणजे झाकलेलं ०.६६. त्याच तीन आकड्यांतून ०.४ पण निघालं आणि ०.६६ पण.

मधला मार्ग मॅक्झिमम-रँडम: लागून असलेले थर एकावर एक, मध्ये मोकळी हवा असली की संबंध तुटला. खालच्या दोघांचे ०.४, मग ०.६ गुणिले ०.८, झाकलेलं ०.५२. वर्षानुवर्षं हाच नियम चालला. मग २००० मध्ये होगन आणि इलिंगवर्थ यांनी इंग्लंडमधल्या चिलबोल्टनच्या रडारने खरे ढग बघितले, तर लागून असलेले थर पण जसजसं अंतर वाढेल तसे एकमेकांपासून सरकतात. त्यासाठी एक लांबी वापरतात, म्हणजे किती अंतरावर हा संबंध बराचसा विरतो ते, साधारण २ किलोमीटर. दोन थरांत ५०० मीटर अंतर असेल तर संबंध उरतो ७८ टक्के. मग खालच्या दोघांचं झाकलेलं ०.४ ऐवजी ०.४४ आणि सिरस धरून ०.५५. फरक छोटा वाटतो, पण उभ्या, वाऱ्याने तिरक्या झालेल्या ढगांत, पाच-सात थर मिळून तो भरपूर वाढतो. आणि ही लांबी सगळीकडे २ किलोमीटर ठेवायचा मोह टाळा, उष्ण प्रदेशातला गडगडाटी ढग इंग्लंडच्या मळभापेक्षा जास्त सरळ उभा असतो.

पायरी ६: लाँगवेव्ह, थोडक्यात

लाँगवेव्हच्या, म्हणजे उष्णतेच्या बाजूला गणित सोपं कारण पाण्याचा ढग पटकन काळा होतो, म्हणजे खालून येणारी उष्णता सगळी शोषतो. चौरस मीटरवर २० ग्रॅम पाणी असलं तरी तो ९४ टक्के काळा, त्यापुढे पाणी वाढवून लाँगवेव्ह फारसं हलत नाही. तिथे सगळं ठरतं ढगाच्या माथ्याच्या तापमानावर. ३०० केल्विनचा समुद्र ४५९ वॅट सोडतो, २८५ केल्विनचा खालचा ढग ३७४, आणि २२० केल्विनचा उंच ढग जेमतेम १३३. म्हणून खालचा ढग ऊन परतवतो पण उष्णता फार अडवत नाही, निव्वळ गार करतो, आणि पातळ सिरस नेमकं उलटं. मॉडेलमध्ये माथा एक किलोमीटर चुकीचा आला की लाँगवेव्ह चुकलं, मग पाणी कितीही बरोबर असो.

पायरी ७: लॅपटॉपवर ताडा

क्लायमलॅब नावाचं पायथन पॅकेज आहे, फुकट आहे, त्यात आरआरटीएमजी बसवलेलं आहे. हवेचा एक उभा स्तंभ करा, एका थरात ढग द्या, फ्रॅक्शन, पाणी ग्रॅममध्ये, त्रिज्या मायक्रॉनमध्ये. ते पाणी ढगाच्या आतलं, बरं का. पहिल्या फेरीत फ्रॅक्शन १ ठेवा, जमीन काळी करा, सूर्य डोक्यावर, आणि वर काढलेल्या ०.६६ च्या आसपास येतंय का बघा. तंतोतंत येणार नाही, कोडमध्ये वाफ आहे, ओझोन आहे, सूर्याचा कोन आहे, पण ०.३ किंवा ०.९ आलं तर पायरी १ कडे परत. त्रिज्या २.५ ते ६० मायक्रॉनच्या बाहेर दिली तर आरआरटीएमजी ऐकत नाही. ओव्हरलॅपसाठी, म्हणजे थर एकावर एक कसे बसतात त्यासाठी, १, २, ३ असा आकडा द्यायचा असतो: रँडम, मॅक्झिमम-रँडम, मॅक्झिमम. तिन्ही चालवून पायरी ५ चे आकडे तपासा.

हात बसला की युरोपियन सेंटरचा (युरोपातल्या देशांचं हवामान अंदाज केंद्र) ईसीरॅड हा रेडिएशन कोड घ्या. फोरट्रान आहे, थोडा वेळ जाईल, पण ओपन सोर्स आहे, नमुन्याची फाईल सोबत येते आणि मॅकिका, ट्रिपलक्लाउड्स आणि ढगांच्या बाजूंमधून आडवं जाणारं ऊन धरणारा स्पार्टाकस हे सगळे एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये नाव बदलून चालवता येतात. एकच हवा, एकच ढग, तीन उत्तरं. अख्खं मॉडेल सुपरकॉम्प्युटरवर चालवून जे महिन्याभरात कळत नाही ते इथे दुपारभरात कळतं.

पायरी ८: पूर्ण मॉडेल आणि उपग्रह

पूर्ण मॉडेलमध्ये आधी एक यादी करा, रेडिएशनला नक्की कुठलं पाणी दिसतंय. ढगातलं पाणी, बर्फ, पडणारा बर्फ, आणि कन्व्हेक्शन स्कीमच्या, म्हणजे उभ्या वाढणाऱ्या गडगडाटी ढगांचा अंदाज करणाऱ्या भागाच्या, पोटातलं पाणी. शेवटचे दोन पुष्कळ मॉडेल्समध्ये रेडिएशनपर्यंत पोचतच नाहीत. पाऊस धो धो पाडणारा ढग आणि रेडिएशनला तो दिसत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. दुसरं, रेडिएशन दर किती वेळाने चालतं ते बघा. महाग असतं म्हणून बाकीचं मॉडेल दहा-वीस मिनिटांनी आणि रेडिएशन तासाने, कधी तीन तासांनी. विदर्भात मे महिन्यात दुपारी दोनला निरभ्र आणि चारला वळीव, तीन तासांत तर सगळं घडून जातं.

मग तुलना. ढगांचा परिणाम म्हणजे ढगांसकटचं रेडिएशन वजा ढगांशिवायचं. मॉडेल त्याच हवेत ढग पुसून दुसऱ्यांदा हिशोब करतं. उपग्रहाला ढग पुसता येत नाहीत, तो जिथे ढग नाहीत तिथेच बघतो, आणि तिथली हवा कोरडी असते. यामुळे लाँगवेव्हमध्ये काही वॅटचा फरक नुसता व्याख्येतून येतो. सेरेसच्या नव्या आवृत्तीत मॉडेलच्या पद्धतीशी जुळणारं निरभ्र रेडिएशन पण दिलंय, तेच घ्या. क्लाउड फ्रॅक्शनची तुलना तर थेट करूच नका, कॉस्प नावाचं सिम्युलेटर वापरा, ते मॉडेलच्या ढगांकडे उपग्रहाच्या डोळ्यांनी बघतं.

आणि जागतिक सरासरी बरोबर आली म्हणून नाचू नका. ट्यूनिंगमध्ये, म्हणजे मॉडेलचे आकडे फिरवून उत्तर जुळवताना, ती आणलेलीच असते. बऱ्याच मॉडेल्समध्ये उष्ण प्रदेशातले खालचे ढग कमी आणि जास्तच उजळ निघाले, दोन चुकांनी एकमेकांना झाकलं, बेरीज छान. पायरी ४ आठवा, सारखा पसरलेला ढग उजळच निघणार, मग ढगच कमी करून हिशोब जुळवायचा.

आपल्या भागासाठी मी एक परीक्षा ठेवली आहे. उष्ण प्रदेशात इतर ठिकाणी, जिथे उंच ढग दाटतात तिथे, ऊन परतवणं आणि उष्णता अडवणं साधारण फिटंफाट होतं. मान्सूनमध्ये मात्र तसं होत नाही, राजीवन आणि श्रीनिवासन यांनी २००० मध्ये उपग्रहाच्या आकड्यांवरून दाखवलं की जून ते सप्टेंबरात आशियाई मान्सूनच्या भागात निव्वळ परिणाम उणे २५ वॅटच्याही खाली जातो. तर तुमच्या मॉडेलचा जून ते सप्टेंबरचा निव्वळ नकाशा काढा आणि बंगालच्या उपसागरावर बोट ठेवा. आकडा शून्याजवळ असेल तर आधी शॉर्टवेव्ह (ऊन) आणि लाँगवेव्ह (उष्णता) वेगळे करा. शॉर्टवेव्ह कमी असेल तर पाणी आणि पायरी ८ ची यादी. लाँगवेव्ह जास्त असेल तर ढगांचे माथे आणि वरचा बर्फ. दोन्ही बरोबर दिसले तर फाईलमधली चिन्हं तपासा, एका मॉडेलमध्ये वर जाणारं धन असतं आणि दुसऱ्यात खाली येणारं.